सपाट टोकाची गोळी

चौथ्यांदा चाप ओढला तेव्हा काहीच झालं नाही. आवाज नाही, धक्का नाही, नळीच्या तोंडाशी तो भगभगीत जाळ नाही. चापच जागचा हलेना. मीनाक्षीने ओठ आवळले, बोट आवळलं, दोन्ही हातांनी जोर लावला, तरी रिव्हॉल्व्हर आपलं ढिम्म. समोरच्या कागदी माणसाला तोवर एकच भोक पडलं होतं आणि तेही त्याच्या कानाबाहेरच्या कोऱ्या जागेत. "थांब, मिस मीना. तोंड समोरच राहू दे," मागून लोरेटा म्हणाली आणि तिने ते धूड, म्हणजे धूड कसलं, जेमतेम बारा औंसांची ती चिमुरडी वस्तू, अलगद हातातून काढून घेतली. लोरेटा पूर्वी मिशिगनमधल्या ॲन आर्बर गावची चार नंबरची बस चालवायची. मीनाक्षी तीस वर्षं त्याच बसने युनिव्हर्सिटीतल्या लॅबमध्ये जात आली, म्हणून ओळख. आता लोरेटा निवृत्त होऊन शनिवारी सकाळी बायकांना नेमबाजी शिकवते. सुजलेल्या सांध्यांच्या बोटांनी तिने बरीच खटपट करून गोळ्यांचं चक्र उघडलं आणि त्यातल्या न उडालेल्या दोन गोळ्यांपैकी एक मीनाक्षीसमोर धरली. पितळी टोपणातून शिशाचं टोक नको तितकं बाहेर आलं होतं. "हे एवढं हलकं हत्यार आणि त्यात ही जास्त दारूची मॅग्नम. एक उडाली की हिसका असा बसतो की शेजारची आपल्या टोपणातून पुढे सरकते. टोक चक्राबाहेर आलं की चक्र अडलं. मग तुझ्या हातात फक्त दगड राहतो, तोही हलका." दुकानात, रेंजवर, जिकडे तिकडे मीनाक्षीने एकच ऐकलं होतं, की रिव्हॉल्व्हर कधी अडत नाही. "ही गोळी घ्यायला कुणी सांगितलं तुला?" लोरेटाने विचारलं. मीनाक्षीच्या तोंडून खरं तेच निघून गेलं. "ती पहिली आली होती," ती म्हणाली.

पहिली आली होती म्हणजे अवधूतच्या तक्त्यात. अवधूत हा इथल्या मराठी मंडळातला पस्तिशीचा मुलगा, पुण्याचा, आयटीतला. ह्या गावातल्या मराठी माणसांना पाळणाघर निवडायचं असो, गादी घ्यायची असो की गुडघ्याचा डॉक्टर शोधायचा असो, कुणीतरी तक्ता केल्याशिवाय त्यांचा हात खिशात जात नाही. दसऱ्याला लॅपटॉपला हळदकुंकू वाहणारी माणसं ही. तक्ता म्हणजे त्यांचं पंचांगच. मीनाक्षीने रिव्हॉल्व्हर घेतल्याचं कळलं तेव्हा निम्म्या मंडळाने कपाळाला हात लावला. "अगं, आपल्यात असं नसतं," असं सुद्धा एक जण म्हणाली, जणू चोरांना आधी जात विचारायची असते. कुत्रा पाळ, कॅमेरा लाव, रामरक्षा म्हण, असे सल्ले झाले. एकट्या अवधूतचे डोळे चमकले. दोन दिवसांत त्याने सत्तावीस प्रकारच्या गोळ्यांचा तक्ता पाठवला. वेग, ऊर्जा, किती इंच आत जाते, गोळीचं टोक किती फुलतं, प्रत्येकाला गुण आणि शेवटी क्रमांक. हिरव्या रंगातली ती मॅग्नम शंभरात एक्क्याण्णव गुण मिळवून पहिली आली होती. आणि मीनाक्षी, जिच्या दहावीच्या गुणपत्रिकेची चौकट नागपूरच्या घरात अजून भिंतीवर आहे, तिला पहिल्या क्रमांकावर शंका घ्यायची सवय कुठून असणार? दुसऱ्या क्रमांकाकडे तिने पाहिलंसुद्धा नव्हतं.

गाडीत बसल्यावर तिला उजव्या हाताची मूठ वळेना. अंगठा आणि तर्जनीमधली जागा निळी पडत चालली होती. बाहेर फेब्रुवारीचं राखाडी आभाळ, रस्त्याच्या दोन्ही कडांना काळवंडलेल्या बर्फाचे ढीग. आठ दिवस राहिले होते. पुढच्या शनिवारी निमिष येणार होता. तिचा मुलगा, कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतो, येताना घर विकायचे कागद घेऊन येणार होता. आणि हे काही तो लादत होता असंही नाही. दिवाळीनंतरच्या त्या आठवड्यात, रोज दिवे लावून झोपत असताना, फोनवर तिनेच रडत रडत कबूल केलं होतं, की फेब्रुवारीअखेरपर्यंत मला इथे एकटीने राहता आलं नाही तर मी सही करते. मुलगा इंजिनिअर. त्याने तारीख कॅलेंडरमध्ये टाकली. सून इशिताने खालची खोली रिकामी करून तिथे देवघरही मांडून ठेवलं. सगळे चांगलेच आहेत. चांगल्या माणसांशी भांडणं कसं महाकठीण असतं हे ज्यांची मुलं चांगली निघालीत त्यांनाच कळेल. त्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्या टाउनहाउसची भिंत दिसते. तिथे ती नातीला, अनयाला, मराठीत हाक मारणार, अनया इंग्लिशमध्ये उत्तर देणार, आणि गाडी चालवता येत असूनही फ्रीवेवर जायला घाबरते म्हणून तिला सगळीकडे कुणीतरी सोडायला येणार. आणि हे सगळं कशामुळे, तर दोन माणसं तिच्या स्वयंपाकघरात शिरली आणि ती लपली म्हणून.

ती लपली. धनत्रयोदशीची दुपार होती. लॅबमधून अर्धी रजा घेऊन ती चकल्या तळत होती. तिचा नवरा राजाराम जाऊन तीन वर्षं झाली होती, चकल्या खाणारं घरात कुणी नव्हतं, पण मंडळाच्या फराळाला द्यायच्या म्हणून पहिला घाणा कढईत सोडला होता. मागच्या दाराची काच फुटली. तो आवाज किती लहान होता, कपाटातली बशी पडावी एवढाच. आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं आणि दिवाळीला ते बँकेतून घरी येतं, हे चोरांना आता पक्कं ठाऊक झालंय. मंडळाच्या ग्रुपवर तशा सूचनाही फिरल्या होत्या. फोन ओट्यावर होता. ती फोनकडे गेली नाही, समोरच्या दाराकडे गेली नाही, ती जिन्याखालच्या कोटांच्या कपाटात शिरली. का, ते तिला अजून सांगता येत नाही. पाय तिकडे गेले. आत राजारामचा जाड लोकरी ओव्हरकोट होता. त्यांच्या पहिल्या हिवाळ्यात सेकंडहँड घेतलेला, ओला झाला की म्हशीइतका जड होणारा. तिने त्यात तोंड खुपसलं, म्हणजे श्वास ऐकू येऊ नये. डांबराच्या गोळ्यांचा वास, त्याखाली राजारामचा. बाहेर कढईत चकल्या करपायला लागल्या होत्या. वास कपाटात येत होता. आणि मग तिने तो आवाज ऐकला, जो ती अजून रोज ऐकते. खट्. चुलीचं बटण फिरल्याचा. चोरांतल्या एकाने गॅस बंद केला होता. "समबडीज होम," एक जण हलक्या आवाजात म्हणाला. दुसरा हसला. "लेट हर हाइड," तो म्हणाला. लपू दे तिला. आणि दोघं सावकाश जिना चढून वर गेले, तिच्या डोक्यावरच्या पायऱ्या एकेक करून वाजल्या, वरचे खण उघडले, आईच्या पाटल्या, सासूबाईंचा लक्ष्मीहार, सगळं आरामात घेऊन ते त्याच जिन्याने खाली आले, तिच्या डोक्यावरून, आणि गेले. त्यांना घाई नव्हती. पोलीस म्हणाले, तुम्ही अगदी बरोबर केलंत. निमिष म्हणाला, आई, थँक गॉड तू लपलीस. मंडळातल्या बायका म्हणाल्या, सोनं काय, पुन्हा घेता येतं. सगळे बरोबरच होते. पण सोन्यासाठी ती एकदासुद्धा रडली नव्हती. तिला रडू यायचं ते त्या बटणाच्या आवाजाचं. तिच्या घरात, तिच्या चुलीची काळजी त्याने घेतली होती. आणि तिने ती त्याला घेऊ दिली होती.

तिला कुणाला मारायचं होतं का? हा प्रश्न तिने स्वतःला बसमध्ये, लॅबमध्ये, आंघोळ करताना, हजारदा विचारला होता आणि त्याचं छान, सभ्य उत्तर तिला कधी सापडलं नाही. झुरळ मारतानाही ती आधी त्याला पळायची संधी देते. रिव्हॉल्व्हर पलंगाशेजारी कुलपाच्या पेटीत असतं, कुलपाचे आकडे तिला पाठ, तरी पहिला आठवडा त्या पेटीकडे पाठ करून ती झोपू शकली नव्हती. पण एक गोष्ट तिला स्वच्छ ठाऊक होती आणि त्यात तिला कुणाचा सल्ला नको होता. पुन्हा कधी त्या कपाटात जायचं नाही. मग त्यापुढे जे होईल ते उभं राहून होईल.

रविवारी सकाळी पोळी लाटता येईना. लाटणं धरलं की अंगठ्यातून कळ कोपरापर्यंत जायची. तिने कणीक तशीच झाकून ठेवली, चहा घेतला आणि अवधूतचा तक्ता पुन्हा उघडला. ह्या वेळी क्रमांकाकडे न बघता ती तळाशी गेली, जिथे बारीक टाइपात कुठला आकडा कुठून घेतला ते लिहिलेलं होतं. आणि तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. सगळे आकडे चार इंची नळीचे होते. तिच्या रिव्हॉल्व्हरची नळी दोन इंचसुद्धा भरत नव्हती. गोळी वेग पकडते ती नळीत. नळी निम्मी झाली की वेग जातो आणि वेगावर बेतलेला सगळा डोलारा कोसळतो. शंभरात एक्क्याण्णव गुण कुणाचे तर भलत्याच हत्याराचे. चूक अवधूतची खरी, पण लाज तिची. तीस वर्षं ती लॅबमध्ये नव्या पोरांना एकच धडा शिकवत आली. आकडा दाखवू नका, आधी सांगा मोजलं कशानं. पीएचडी करायला आलेल्या भल्याभल्यांना तिने ह्या एका प्रश्नावर रडकुंडीला आणलं होतं. आणि स्वतःचा जीव वाचवायची वेळ आली तेव्हा हिरवा रंग बघून भुलली. तिने लगेच फोन लावला.

"अरे अवधूत, हे चार इंची नळीचं मोजमाप आहे."

"हो काकू, स्टँडर्ड डेटा तोच असतो ना. दोन इंचीचा पूर्ण सेट अव्हेलेबलच नाहीये यार. म्हणजे, सॉरी, काकू."

"मग मी काय करू? तुझ्या डेटासाठी माझी नळी वाढवून घेऊ?"

"तसं नाही हो. पण पॉवर कमी नका करू. दुसरी कुठलीही घेतली तर रँक खाली जातो. आणि रिकॉइलचं, त्या हिसक्याचं काय, प्रॅक्टिसने हात सेट होतो."

"तू झाडलीयेस कधी?"

"नाही काकू. आमचा अजून व्हिसाच आहे, ग्रीन कार्ड कुठे आलंय. व्हिसावाल्यांना बंदूक अलाउड नाही. मी फक्त रिसर्च केला." तिला त्याचा राग येईना. बिचाऱ्याने मनापासून केलं होतं. पण फोन ठेवताना तिच्या लक्षात आलं, की चार महिन्यांत पहिल्यांदाच आपल्याला भीती नाही, चीड आलीये. आणि चीड पोटात बरी वाटत होती, गरम जेवणासारखी.

सोमवारी लॅबनंतर ती दुकानात गेली. काउंटरवरच्या दाढीवाल्या तरुणाने तिच्या निळ्या अंगठ्याकडे पाहिलं आणि समजूतदारपणे एक सौम्य डबी पुढे केली. टोकाला खळगा असलेल्या गोळ्या. अंगात शिरल्या की त्या खळग्यामुळे टोक फुलासारखं उमलतं आणि गोळी पार निघून जात नाही, हे तिला आता तोंडपाठ होतं. "बायका हीच नेतात, मॅम," तो म्हणाला. लोरेटाने मात्र दुसरंच नाव लिहून दिलं होतं. ती डबी सगळ्यात खालच्या फळीवर होती. ह्या गोळीला टोकच नव्हतं. टोपणाच्या कडेशी सपाट कापलेली, झिजलेल्या खडूच्या तुकड्यासारखी. "ही टार्गेटची आहे, मॅम. कागदावर सराव करायला. माणसासाठी नाही." "खळगेवाली गोळी मिशिगनच्या फेब्रुवारीत जाड कोटातून गेली तर खळग्यात काय भरतं?" मीनाक्षीने विचारलं. तो हसला, मग हसायचा थांबला. "कापड भरू शकतं," तो म्हणाला. "मग फूल उमलतं का?" "कधी कधी नाही." "माझ्या एवढ्याशा नळीतून कुणी मोजून बघितलंय?" ह्यावर त्याने खांदे उडवले. तिने दोन्ही डब्या घेतल्या. ज्याचा डेटा नाही तो आपण काढायचा असतो, एवढं तर शास्त्र तिला येत होतं.

डेक्स्टर गावाच्या पलीकडे लोरेटाच्या भावाचं शेत होतं, मागे मातीचा उंच बांध, तिथे झाडायला हरकत नव्हती. बुधवारी सकाळी जायचं ठरलं. पाण्याने भरलेले दुधाचे प्लॅस्टिकचे कॅन एकामागे एक मांडायचे, पुढे कापड टांगायचं. कापड म्हणून जुनी चादर आण, लोरेटा म्हणाली होती. चादर घेऊन ती खाली आली आणि जिन्याखालच्या कपाटासमोर थांबली. दिवाळीपासून ते तिने उघडलं नव्हतं. स्वतःचा कोट ती खुर्चीवरच टाकायची. चोर काही चादर गुंडाळून येणार नाही, तिच्या मनात आलं. तिने दार उघडलं. वास तसाच. डांबर, आणि त्याखाली तो. बाहीच्या कडेला तिनेच घातलेले टाके. राजाराम ह्या कोटात पार्किंगमधलं बर्फ उपसायचा आणि आत येऊन थंडगार बाही तिच्या गालाला लावायचा, ती ओरडायची. छातीपाशी, दुसऱ्या बटणाच्या वर, कापड किंचित चुरगळलेलं होतं. तिथे तिचं तोंड होतं. तिच्या दातांनी ते धरलं होतं, हे तिला आत्ता आठवलं. तिला हुंदका आला, खराखुरा, आणि त्याच हुंदक्यात तिला राजारामचाही राग आला, मेल्या माणसाचा, की तू मला लपायला जागा दिलीस. दुसरं काही दिलं असतंस तर. हा अन्याय होता हे तिला कळत होतं. त्या दुपारी त्या कोटाने तिचा जीव वाचवला होता. पण जीव वाचवलेल्या जागेत माणूस पुन्हा पुन्हा जातं आणि हळूहळू तिथेच राहायला लागतं. तिने हँगरसकट कोट काढला. "अगं, चांगला आहे अजून," राजाराम म्हणालाच असता. "आहे ना," ती मोठ्याने म्हणाली, "म्हणूनच."

लोरेटाने कोट बघितला, तिच्याकडे बघितलं आणि तो कॅनांपुढे टांगला. खळग्याच्या दोन गोळ्या मीनाक्षीने खाली, कोटाच्या खिशाजवळ झाडल्या. फुटलेल्या कॅनमधून दोन्ही सापडल्या. खळग्यात काळी लोकर दाबून बसलेली, फूल दोन्हींतलं एकही उमललं नव्हतं. मग तिने सपाट पाच भरल्या. टोक नसल्यामुळे त्या चक्राच्या भोकांत सरळ जाईनात, एकेक चिमटीत धरून बसवावी लागली. तिने कोटाकडे नळी केली. दुसरं बटण. तिथे तिला अजून स्वतःचं तोंड दिसत होतं, मिटलेले डोळे, फुगलेली नाकपुडी. लपू दे तिला. नाही, बाई, बाहेर ये आता. तिने चाप ओढला. धक्का आला, पण हाताला सोसेल असा, ओळखीच्या माणसाने खांद्यावर थाप मारावी तसा, आणि नळी जिथल्या तिथे परत आली. दुसरी. तिसरी. चौथ्याला तिने श्वास धरला; चक्र फिरलं. पाचवी. लोरेटाने जाऊन कोटावर आपला पंजा ठेवला. पाचही भोकं त्याखाली झाकली गेली. मागचे तीन कॅन फुटले होते. "जिला उमलायचंच नाही ती गोळी उमलली नाही म्हणून काय फरक पडतो," मीनाक्षी म्हणाली. तिला रडू येत होतं आणि हसूही, आणि अंगठा मुळीच दुखत नव्हता. "जी दुसऱ्यांदा झाडावीशी वाटते ती आपली गोळी," लोरेटा म्हणाली आणि तिने कानावरचे मफ काढले.

शनिवारी दुपारी निमिष आला. दर वर्षीसारखाच, कॅलिफोर्नियाचं पातळ जाकीट घालून. आई चकल्या तळत होती, हे बघून तो दारातच थबकला. दिवाळीनंतर ह्या घरात कढई चढली नव्हती हे त्याला माहीत होतं. चहा झाला. अनयाच्या शाळेचं झालं. मग तो म्हणाला, "आई, पेपर्स गाडीत राहिलेत, आणतो," आणि लहानपणापासूनच्या सवयीने त्याने जिन्याखालचं कपाट उघडलं आणि बाबांचा कोट अंगावर चढवला. तिने थांबवलं नाही. तो गेला. खिडकीतून ती बघत होती. गाडीपाशी पोचेपर्यंत त्याने एकदा छाती चोळली, दुसऱ्यांदा चोळली, मग खाली बघितलं आणि वाऱ्यात तसाच उभा राहिला. परत आला तेव्हा पाकीट हातात होतं आणि दुसऱ्या हाताचं एक बोट कोटाच्या भोकात.

"आई, व्हॉट इज धिस? हे... हे बुलेट होल्स आहेत?"

"हो."

"कुणी? कधी? आई, कुणी आलं होतं का परत?"

"मी केलीत. बुधवारी. दहा पावलांवरून."

त्याने छातीवरची भोकं मोजली. पाच. मग नकळत पंजा वर ठेवला आणि ती सगळी झाकली गेली, हे तिने बघितलं आणि त्यानेही. "हा बाबांचा कोट होता, आई," तो म्हणाला. आवाज चिरकला त्याचा. तिला त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला, पण हात पिठाचे होते.

"ह्यात तोंड घालून मी लपले होते, निमिष. इथेच, जिथे तुझा हात आहे. तू तारीख कॅलेंडरमध्ये टाकली होतीस ना, आजची? बघ, तारीख पाळली मी. सही होणार नाही. घर विकायचं नाही. आणि पुढच्या वर्षी येताना स्वतःचा कोट आण, मिशिगन आहे हे."

"आणि ते परत आले तर?"

"येऊ देत."

तो कोट न काढताच खुर्चीत बसला, पाकीट मांडीवर. कढईतला घाणा तांबूस झाला होता, कडा गडद होत चालल्या होत्या. नेमक्या वेळी तिने चकल्या झाऱ्याने काढल्या, निथळल्या, ताटात ठेवल्या. मग हात पुसला आणि चुलीचं बटण स्वतः फिरवलं. खट्.